दीड एकर शेत विकायची घाई नको

नागपूरच्या पारडीहून एका आईनं विचारलंय. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. तीन आठवड्यांपूर्वी रक्ताचा कॅन्सर निघाला, डॉक्टर 'एएलएल' म्हणतात. उपचार नागपुरातच सरकारी दवाखान्यात सुरू झालेत. मिस्टर टाइल्स बसवायचं काम करतात, रोजी ७०० रुपये, काम लागलं तर महिन्याला पंधरा-सोळा हजार. घरी तीन वर्षांचा मुलगा, गुड्डू. सासूबाई उमरेडकडे गावी, तिथं दीड एकर शेत. "सगळे म्हणतात शेत विकून टाका, लेकरापेक्षा मोठं काय आहे. घर कसं चालवू तेच समजून नाही राहिलं." सोबत तीन आठवड्यांचा खर्च वहीच्या पानावर लिहून पाठवलाय.

ताई, शेताचा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलाय, पण झोप उडवणारा तोच असणार. म्हणून आधी त्याचंच. आत्ता विकू नका. कधीच विकू नका असं मी म्हणत नाही. पण या महिन्यात नको.

नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांत मी समाजसेवा अधीक्षक म्हणून सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात. ज्यांनी जमीन विकली त्यातल्या बहुतेकांनी ती पहिल्या महिन्यातच विकली. तेव्हा भीती सगळ्यात जास्त असते, आणि घेणाऱ्याला ती बरोबर दिसते. आलेला पैसा गाड्या, पाहुणे, बाहेरच्या तपासण्या, कुणीतरी सांगितलेलं आयुर्वेदिक चूर्ण यात सहा महिन्यांत विरतो. आणि हा आजार सहा महिन्यांचा नाही. एएलएलचा उपचार साधारण दोन-अडीच वर्षं चालतो, काही मुलांचा तीन. पहिला महिना आजार दाबायचा. पुढचे सहा-आठ महिने जड किमो, त्यात दवाखान्याच्या चकरा खूप. मग दीड-दोन वर्षं मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या आणि ठरल्या दिवशी रक्त तपासणी. तुमचा हिशोब एक तारीख ते तीस तारीख असा चालणारच नाही. तो या तीन टप्प्यांप्रमाणे मांडा. डॉक्टरांना विचारून मोठ्या कागदावर टप्पे आणि अंदाजे महिने लिहा नि स्वयंपाकाच्या ओट्यावर चिकटवा. शेताचा विचार त्या कागदाकडे बघून, जड किमो संपत आल्यावर, सासूबाईंना समोर बसवून करा.

आता तुमचं वहीचं पान. औषधं आणि बाहेरच्या तपासण्या ३,२००. ऑटो २,६००. बाहेरचं जेवण, चहा, पाण्याच्या बाटल्या २,४००. एकूण ८,२००, खाली दोन रेघा. पण सगळ्यात मोठा खर्च तुम्ही लिहिलाच नाही. तुम्हीच म्हणता की या तीन आठवड्यांत मिस्टर चारच दिवस कामावर गेले. एरवी अठरा दिवस गेले असते. चौदा रोज्या बुडाल्या, म्हणजे ९,८००. औषध, ऑटो, जेवण सगळं मिळून झालं त्याहून जास्त पैसा वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून गेला.

बापाला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. पहिल्या आठवड्यात कुणाचेच पाय निघत नाहीत. पण रोजीवरच्या घरात वॉर्डातला दुसरा माणूस हा सगळ्यात महाग असतो. पास एकाचाच असतो, दुसरा खाली बसतो, चहा पितो, सिक्युरिटीशी वाद घालतो, डॉक्टर राउंडला आले की नेमका तिथं नसतो. चौथ्या आठवड्यापासून असं करून बघा: दिवसा तुम्ही, मिस्टर कामावर. संध्याकाळी ते सरळ दवाखान्यात, दोन तास लेकीजवळ. तेवढ्यात तुमची आंघोळ, जेवण, जमलं तर थोडी झोप. पाठीतलं इंजेक्शन असेल किंवा तपासायला हाडातली मज्जा काढायची असेल त्या दिवशी मात्र त्यांनी सुट्टी घ्यावी. तारीख आधी कळते, ठेकेदाराला आधी सांगता येते. पारडी-कळमन्याकडंच काम मिळत असेल तर दहा-वीस रुपये कमी घेऊन तिकडंच धरा, कारण रात्री-बेरात्री त्यांनी लगेच पोचणं आता जास्त मोलाचं आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण वॉर्डात त्याबद्दल सगळेच बोलतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी. पॅकेज, म्हणजे योजनेतला त्या आजाराचा ठरलेला उपचार, लागू झालं की त्यातल्या तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण त्यातच धरलेलं असतं. तुमचे ३,२०० बहुतेक अप्रूव्हल यायच्या आधी गेलेत. पुढे बाहेरून आणायची चिठ्ठी हातात आली तर दुकानात जायच्या आधी ती घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर जा आणि विचारा, "हे पॅकेजमध्ये बसते का जी?" निम्म्या वेळा बसतं. लेकीचं नाव रेशनकार्डावर आहे का ते आजच बघा. सहा-सहा वर्षांची लेकरं कार्डावर चढवलेलीच नसतात आणि सगळी फाईल तिथं अडते. नसेल तर जन्मदाखला घेऊन आरोग्यमित्राशी बोला आणि याच आठवड्यात नाव चढवायचा अर्ज द्या. अडचण आलीच तर योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८.

दुसरं एक तुम्ही विचारलंच नाही. मिस्टर टाइल्सचं काम करतात म्हणजे ते बांधकाम कामगारांत मोडतात. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी आहे का? मंडळाकडून कामगाराला किंवा घरच्यांना गंभीर आजार झाला तर १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यासाठी नोंदणी जिवंत हवी, बाकीच्या अटी मंडळात विचारून घ्या. बरेच जण मंडळाकडून भांड्यांचा संच मिळाला त्या वर्षी नोंदवतात आणि पुढे नूतनीकरण करत नाहीत. नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एखाद्या रविवारी ठेकेदाराला भेटून तो घ्या. आणि दवाखान्याच्या गेटवर "फाईल करून देतो, दहा टक्के" म्हणणारा भेटला तर त्याला एकही कागद देऊ नका, झेरॉक्ससुद्धा नाही. मुख्यमंत्री सहायता निधीची मदत दवाखान्याच्या खात्यात जाते, कुणा दलालाच्या हातात नाही. तुमच्या दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतीलच, त्यांना भेटा. त्यांचा पगार याच कामाचा आहे.

उसनवारीचंही ऐका. 'शेकडा पाच' ऐकायला बरं वाटतं. महिन्याला शंभरावर पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. अगदीच गळ्याशी आलं तर डोरलं बँकेत गहाण ठेवा, सोनाराला विकू नका. बचत गट असेल तर अध्यक्षबाईंना सरळ जाऊन सांगा की दोन महिने हप्ता लांबवा. न सांगता हप्ता चुकला तर गल्लीभर बोभाटा होतो. सांगून चुकला तर बाया सांभाळून घेतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आता जेवण. पहिल्या महिन्यात मुलीला स्टिरॉइड चालू असणार. ही भूक कशी असते ते आईला कुणी आधी सांगत नाही. लेकरू रात्री दोन वाजता उठून वरण-भात मागतं, पोटभर खातं, अर्ध्या तासानं पोळी मागतं, नाही दिली की चवताळतं. एका बापानं मला अगदी घाबरून विचारलं होतं, "मॅडम, पोरीच्या अंगात काही आलं का?" गोळ्या थांबल्या की भूक उतरते, स्वभावही जागेवर येतो. पण त्या महिन्यात किराणा वाढतो, आणि नेमकं तेव्हाच माणसं कँटीनचे वडे, बिस्किटांचे पुडे आणतात. ते महागही पडतं आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या लेकराला धोक्याचंही. तिला ताजं, गरम, घरचं लागतं. मुगाचं वरण, मऊ भात, उकडलेला बटाटा, पूर्ण उकडलेलं अंडं, साजूक तुपाचा चमचा. मीठ डॉक्टर सांगतील तसं. कच्ची कोशिंबीर, कापलेली फळं, उसाचा रस, टपरीवरचे तर्री-पोहे काही महिने बंद. केळी आणि संत्री चालतात, धुवून, घरीच सोलून. आहारतज्ज्ञांनी लिहून दिलं नसेल तर आठशे रुपयांचा प्रोटीन पावडरचा डबा घेऊ नका. तेवढ्यात शंभराच्या आसपास अंडी येतात.

तुमच्या स्वतःच्या जेवणाचं म्हणाल तर दवाखान्याच्या परिसरात नातेवाइकांसाठी स्वस्त थाळी कुठं मिळते ते शेजारच्या खाटेवरच्या जुन्या आईला विचारा. शिवभोजन थाळी दहा रुपयांची. जवळ केंद्र चालू असेल तर दुपार निघते. दवाखान्याची माहिती जुन्या आयांना डॉक्टरांपेक्षा जास्त असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ताप. किमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात, वॉर्डात त्यालाच 'काउंट पडला' म्हणतात. अशा वेळी साधा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. थर्मामीटर १००.४ दाखवू लागला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, निघायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी. दाराच्या आतल्या बाजूला एक खिळा ठोका आणि त्याला एक थैली टांगा. आत फाईलची झेरॉक्स, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, थर्मामीटर, लेकीचे दोन फ्रॉक, चार्जर आणि ५०० रुपये सुट्टे. हे पाचशे गॅस संपला तरी, पाहुणे आले तरी हलवायचे नाहीत. गल्लीतल्या एका ऑटोवाल्या भाऊंशी आत्ताच बोलून ठेवा, की रात्री फोन केला तर याल का आणि किती घ्याल. भाव रात्री दोन वाजता ठरवायचा नसतो. ते आले नाहीत तर १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट येते. एरवीच्या चकरांना काउंट चांगला असेल तर सकाळी बसनं किंवा मेट्रोनं जायला हरकत नाही, पण किमो घेऊन परत येताना ऑटोच करा. उलटी व्हायला लागलेलं लेकरू घेऊन बसमध्ये उभं राहणं मी बघितलंय, चाळीस रुपयांसाठी तसं करू नका.

रक्त आणि प्लेटलेट याला पैशापेक्षा माणसं जास्त लागतात. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, आणून ठेवता येत नाहीत. एकदा रक्त दिलेला पुरुष तीन महिने पुन्हा देऊ शकत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात भाचे, दीर, साइटवरचे सगळे मिस्त्री एकाच दिवशी नेऊन रक्त देऊन मोकळे झाले, की दुसऱ्या महिन्यात कुणी उरत नाही. वहीत एक पान करा. नाव, रक्तगट, फोन, शेवटचं कधी दिलं. या पानाचं काम दिराला द्या. प्रत्येक घरात एक माणूस असतो ज्याला काहीतरी करायचं असतं आणि काय ते सुचत नसतं, त्याला असं काम लगेच पटतं.

नातेवाइकांचंही तसंच. सफरचंदाची पिशवी घेऊन आठ जण येतात, वॉर्डात गर्दी, लेकराला सर्दी. त्यांना नाही म्हणता येत नाही, पण वळवता येतं. "वॉर्डात येऊ नका, शनिवारचा डबा पाठवा." "ताई, तुम्ही रोज साडेदहाला गुड्डूला अंगणवाडीत सोडा." माणसं नाराज होत नाहीत, उलट सुटल्यासारखी होतात.

गुड्डूचं नाव निघालंच आहे. तुम्ही म्हणता, त्याला सहा महिने उमरेडला पाठवावं का. माझं मत, नको. सासूबाईंनाच महिना-दोन महिने पारडीला आणा. पेरणी-कापणीचे दिवस असतील तर पंधरा दिवस त्या, पंधरा दिवस तुमची बहीण. इथं माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत गोंदियाकडच्या एका कुटुंबाला मी सल्ला दिला की नागपुरात खोली करा, मोठ्या मुलाला मामाकडे ठेवा, म्हणजे खर्च वाचेल. कागदावर खरंच वाचत होता. चार महिन्यांनी मामा त्या पोराला घेऊन वॉर्डाच्या दारात आला. पाच वर्षांचा मुलगा, एक हात कपाळावर दाबून धरलेला. मला म्हणाला, "मॅडम, पाहा ना, मलाही ताप आला." कपाळ थंड होतं. ताप आला की आई मिळते, एवढं त्याला समजलं होतं. आईनं थर्मामीटर लावला, बघितला, झटकला, आणि खरंच ताप असल्यासारखं त्याला मांडीवर घेतलं. तेव्हापासून धाकट्या-थोरल्याला दूर पाठवा असं मी कुणालाही सुचवलेलं नाही. गुड्डूला रोज रात्री एकदा व्हिडिओ कॉल करा आणि आठवड्यातून एक दिवस मिस्टरांना वॉर्डात बसवून तुम्ही घरी जा. त्या दिवशी भांडी घासू नका.

त्याच्या बाबतीत एक वैद्यकीय गोष्ट. पल्स पोलिओच्या तोंडातल्या थेंबांबद्दल आधी लेकीच्या डॉक्टरांना विचारा. घरात असं लेकरू असताना भावंडांना ते थेंब टाळतात आणि इंजेक्शनची लस देतात. अंगणवाडीत कुणाला कांजण्या किंवा गोवर निघाला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. अंगणवाडी सेविकेला हे दोन्ही सांगून ठेवा.

लेकीच्या शाळेचा ताण घेऊ नका. मुख्याध्यापकांना दवाखान्याच्या पत्रासह अर्ज द्या, नाव पटावर राहू द्या. पाटी आणि पुस्तक वॉर्डात नेलं तर बरंच. शिकण्यापेक्षा त्या निमित्तानं ती 'पहिलीतली मुलगी' राहते.

पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणणारच, "मुंबईला टाटाला न्या." डॉक्टर पाठवत असतील तर जरूर जा. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला भाडं लागत नाही, सोबतच्या एका माणसाला त्यात ७५ टक्के सवलत आहे, फॉर्म दवाखान्यातून मिळतो. पण निव्वळ मनाच्या समाधानासाठी सुरू झालेला उपचार मध्येच तोडून जाऊ नका. दुसरं मत हवं असेल तर नागपुरातच तुकडोजी चौकातलं प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. फाईल घेऊन मिस्टर एक दिवस जाऊन येतील.

सहा-आठ महिन्यांनी मेंटेनन्स सुरू होईल. केस परत येतील, मुलगी गल्लीत खेळायला लागेल, दवाखान्याच्या चकरा कमी होतील. माझ्या डोळ्यांदेखत उपचार सुटले ते याच टप्प्यात. लेकरू बरं दिसतं, हातात पैसे नसतात, रोजी बुडते, मग एक तारीख चुकते, मग दुसरी. गोळ्या संपतात. आणि कुणाकुणाचा आजार परत येतो, तेव्हा तो पहिल्यापेक्षा हट्टी असतो. त्या दोन वर्षांचा ऑटो आणि बुडणारी रोजी यासाठी आत्तापासून बाजूला टाका. लाडक्या बहिणीचे १,५०० तुमच्या खात्यात येत असतील तर ते घरखर्चात मिसळूच देऊ नका, ते त्या तारखांचे. गावचा शेतमाल विकून येईल त्यातला एक हिस्साही तिथंच ठेवा. शेत राहिलं तर पुढची दोन वर्षं ते दर हंगामाला थोडं थोडं देत राहील, म्हणून मघाशी विकू नका म्हटलं.

शेवटी तुम्ही कंसात लिहिलेली एक ओळ: 'माझ्या थायरॉइडच्या गोळ्या महिना झाला बंद केल्या, तेवढेच वाचतात.' ताई, त्या तुमच्याच दवाखान्याच्या ओपीडीत दाखवून उद्याच परत सुरू करा. तिथं नाही मिळाल्या तर जनऔषधी दुकानात विचारा. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात. वॉर्डात विसरायला होतं, म्हणून पट्टी थर्मामीटरच्या डबीतच ठेवा. ती डबी तुम्ही रोज सकाळी उघडताच.